दुसऱ्यांचं रडणं, हिंदीत

नोएडातल्या आमच्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांची दुःखं हिंदीत बोलत आले. चॅनल एका परदेशी सरकारच्या पैशावर चालणारं, बातम्या अनेक भाषांत, मी हिंदीत. युद्धात घर गेलेली, मुलगा गमावलेली कुणी बाई पडद्यावर बोलू लागली की क्षणभर तिचा आवाज ऐकू द्यायचा, मग तो खाली घेऊन त्यावर माझा चढवायचा. ती रडली तरी आपण रडायचं नाही, हा नियम. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण आमच्यासाठीच केली असावी.

आईला हे मुळीच पटत नसे. टीव्हीवर माझा चेहरा कधी दिसायचा नाही, तरी ती आवाजावरून मला ओळखायची आणि त्या अनोळखी बायकांसाठी पदराने डोळे पुसायची. मी घरात शिरले की सुरू. "अगं, ती बिचारी ऊर बडवतेय अन् तू मेट्रोची अनाउन्समेंट केल्यासारखी बोलतेस. थोडं तरी रडत जा ना यार." विदर्भातून आलेल्या माझ्या आईला 'यार' तेवढं दिल्लीने दिलं होतं. मी म्हणायचे, "रडायचा पगार वेगळा मागते उद्या." बाबा पेपरामागून हसायचे.

गेल्या हिवाळ्यात तिला दिल्लीतल्या रिजच्या टेकडीवरच्या सरकारी इस्पितळात ठेवलं होतं. एका दुपारी बाबा तिच्यासाठी मऊ भात आणायला घरी गेले आणि तेवढ्यात ती गेली. मी फोन केला. "बाबा, आई आत्ता गेली. हृदय बंद पडलं. त्रास झाला नाही. तुम्ही या." एकही शब्द अडखळला नाही.

"अच्छा, येतो," ते म्हणाले.

आले तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. मला राग आला, खरंच आला.

"बाबा, मी सांगितलं होतं ना."

"सांगितलंस गं. पण तुझा आवाज बिल्कुल रोजच्यासारखा होता. मला वाटलं, डॉक्टर अजून काहीतरी करत असतील. ती खरंच गेली असती तर तू अशी बोलली नसतीस."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. आवाज तसाच आला, स्वच्छ, एका लयीत. मला तो मोडता येईना. बाबा माझ्या तोंडाकडे बघत शांतपणे ऐकत होते. माझं सांगून झालं तसा त्यांनी डबा उचलला.

"मग तिला आत्ता भरवू," त्यांनी विचारलं, "की थोड्या वेळाने?"