मागच्या सीटची शिवण

"तू नुसतं नाक आत घाल आणि सांग. वास येतोय का नाही?"

"येतोय की."

"कसला?"

"ओल्या पोत्याचा," बायको म्हणाली आणि पदर नाकाला लावून गाडीपासून मागं सरली. "म्हणून काय माझा भाऊ चोर झाला?"

शिंपीमास्तर मनातून हलले नाहीत. मेहुण्याकडून ही जुनी गाडी घेतल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप बोंबलायचा. खिडकीची काच तिच्या मनाला येईल तेव्हा खाली जायची. मेकॅनिक म्हणायचा, "मास्तर, जुन्या गाडीत असं चालायचंच." तेही इतकं गोड म्हणायचा, की मास्तरांना त्याचाच वास यायला लागला. गॅरेजात गाडी टाकताना ते आता चाक आणि फरशी मिळून खडूची रेघ मारायचे. कुणी फिरवून आणली तर कळावं.

गाडी कधीतरी पाण्यात बुडाली होती आणि मेहुण्याला ते ठाऊक होतं, असा त्यांचा पक्का कयास होता.

"सीटचं कव्हर उसवतो," ते म्हणाले. "आत गाळ निघाला तर गाडी परत."

"निघाला तर मीच फोन लावते त्याला. नाही निघाला, तर त्याच्या दारात जाऊन हात जोडायचे. कबूल?"

"कबूल."

दुकानातली बारीक कात्री घेऊन मास्तर मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसले. रेक्झिनच्या कव्हरला चेनच नव्हती, सगळीकडून गच्च शिवलेलं.

"बघ, बघ! उघडता येऊ नये म्हणून दुहेरी टीप मारलीय. शिवणारा हरामखोरही सामील आहे ह्यात!"

टाके तुटेनात. शेवटी शिवण सुटली, कव्हर उलटलं आणि स्पंजातून वाळका गाळ भुगा होऊन मास्तरांच्या हातावर पडला. बायकोचा चेहरा उतरला. तिनं मुकाट्यानं फोन काढला.

मास्तर मात्र गाळ सोडून शिवणीच्या टोकाकडं बघत राहिले. टीप संपते तिथं मागं वळून घातलेली तिकोनी गाठ. त्यांना शिवणकाम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं दाखवलेली, आसपास दुसरं कुणी ती घालत नव्हतं.

मग आठवलं. मागं मेहुणा रेक्झिनचा गठ्ठा घेऊन आला होता. "दाजी, एका गिऱ्हाइकाला गाडी दाखवायचीय. असं शिवा की त्याला आत बघताच येऊ नये." मास्तर खदाखदा हसले होते. "त्याच्या बापालाही नाही उघडायचं," म्हणून वरची दुसरी टीप त्यांनी आपल्या हौसेनं मारली होती.

फोनवर मेहुणा ओरडत होता, "अगं ताई, तेव्हा गिऱ्हाईक वेगळं होतं! ते फिरलं. दाजींच्या गळ्यात पडेल असं कुठं वाटलं होतं? आणि विचार त्यांना, शिवलंय त्यांनीच!"

बायकोनं फोन कानापासून लांब धरला. "खरं?"

"ही गाडी असेल हे नव्हतं माहीत."

"पण कुणाला तरी फसवायचंय, हे होतं?"

मास्तर हातावरचा गाळ झटकत राहिले.

"उद्या येऊन गाडी घेऊन जा आणि पैसे आणून दे," ती भावाला म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "आणि तुम्ही ते कव्हर परत शिवून द्यायचं नाही. उघडंच जाऊ दे."

दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाइकानं हाक मारली, "मास्तर, माझी पँट कमरेत सैल करून देणार होता ना?"

"आलो, आलो."

मास्तरांनी हात धुतले, पँट उलटी केली आणि मशीनवर बसले.