पांढरा सुती पोशाख, नग एक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एलिशेवा आंटी राहतात. त्यांच्या ज्यू समाजाची पनवेलात आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत. बाकीचे सगळे इस्रायलला गेले. त्यामुळे आपण पेण, रोहा म्हणावं तितक्या सहज त्या लोद, दिमोना, अश्दोद म्हणतात. अश्दोदला त्यांची थोरली बहीण असते, लीयाताई.

आंटींची सगळी नोकरी न्हावा शेव्याला, परदेशी माल पाठवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात झाली. कंटेनरमध्ये काय भरलंय ते कॉम्प्युटरवर लिहायचं आणि पुढे धाडायचं, हे काम. माल मागून जातो, माहिती आधी पोचते, असं त्या सांगतात. जहाज अजून समुद्रात असतं आणि पलीकडच्या बंदराला आपण काय पाठवलंय ते कळून चुकलेलं असतं. म्हणून वर्णन खरं पाहिजे. "कांदा असेल तर कांदाच लिहायचं. भाजी लिहिलं की अडकलं."

या नोकरीखेरीज त्यांना आणखी एक काम होतं आणि ते अजून आहे. समाजात कुणी गेलं की कफनाचे कपडे त्या शिवतात. कोरं पांढरं कापड, शिवण हातची. दोऱ्याला गाठ मारायची नाही, खिसा ठेवायचा नाही. आई शिवायला बसली की या दोघी बहिणी शेजारी बसून सुया ओवून द्यायच्या, तिथेच शिकल्या.

यंदा हिवाळ्यात एके दुपारी लीयाताईंच्या मुलीचा, निरीतचा फोन आला. निरीत तिकडेच जन्मलेली. मराठी बोलते, पण शब्द चाचपत. आईच्या पोटातला आजार पसरलाय, डॉक्टरांनी हात टेकलेत आणि आईला आम्ही काही सांगितलेलं नाही, असं तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, आई नेहमी बोलायची, मी गेले की मला इथलं तयार नका घालू, एलूच्या हातचं घाला. तू पाठवशील?"

आंटींनी खिडकीपाशी बसून शिवलं. त्या वेळी मी बोलायला गेले नाही. झाल्यावर घडी करून, साध्या कागदात गुंडाळून त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही दोघी पोस्टात गेलो.

काउंटरवरची मिताली ओळखीची. "आंटी, आत खाऊ असेल तर आधीच सांगा. मुंग्या माझ्या नावाने तक्रार करतात," ती म्हणाली. आंटी हसल्या. हल्ली परदेशी टपालाची सगळी माहिती आधी कॉम्प्युटरमध्ये भरावी लागते. पार्सल पोचण्याआधी ती तिकडच्या पोस्टाला आणि कस्टमला मिळते. मितालीने एकेक विचारत भरायला घेतलं. नाव निरीतचं, पत्ता अश्दोदचा. मग घेणाऱ्याचा मोबाईल नंबर. आंटींचा फोन घरी चार्जिंगला होता. परदेशातला एकच नंबर त्यांना पाठ होता, तो त्यांनी घडाघडा सांगितला.

"आत काय लिहू?"

आंटी थांबल्या. मागच्या माणसाने खाकरून घेतलं. "पांढरा सुती पोशाख," त्या म्हणाल्या. "नग एक."

"गिफ्ट ना?"

आंटींनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही. मितालीने होकार धरला.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या वर यायच्या आणि मी फोनवर पार्सलचा नंबर टाकायचे. मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयात पोचलं. कस्टममधून सुटलं. विमानासाठी रवाना झालं. एरवी पार्सल लवकर पोचावं असं माणूस सहज म्हणून जातं. हे पार्सल लवकर पोचावं म्हणण्याचा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत होता. म्हणून "निघालं" किंवा "थांबलंय", एवढंच आम्ही बोलायचो. थांबलंय म्हटलं की आंटींचा चेहरा जरा सैल व्हायचा, आणि मग आपला चेहरा सैल झाला याचंच त्यांना वाईट वाटायचं.

मग लीयाताईंचाच फोन आला. व्हिडिओवर. गाल बसलेले, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आवाज मात्र खणखणीत.

"काय गं एलू, इतकी वर्षं मसाला मागितला की म्हणायचीस कस्टमवाले शिंकतील. आता एकदम पोशाख?"

पार्सलची माहिती पार्सलच्या आधी पोचली होती आणि तिकडच्या पोस्टाने ती दिलेल्या नंबरावर कळवली होती. पाठवणाऱ्याचं नाव, गाव पनवेल, आणि खाली पांढरा सुती पोशाख, नग एक, भेट. आंटींना पाठ असलेला तो नंबर लीयाताईंचा होता.

लीयाताई बोलत राहिल्या. पार्सल निरीतच्या नावाने का पाठवलंस, ती वापरते का असले कपडे? नातू ओमेरचं लग्न ठरलंय, त्याच्या मेंदीला तोच घालीन. तू शिवलास ना? सैल ठेवलास ना? मी बारीक झालेय आता, सगळेच कपडे सैल होतात. त्यावर आंटी "हो" म्हणाल्या, आणखी एकदा "हो" म्हणाल्या आणि आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मितालीकडे गेलो. नंबर बदलता येईल का? ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. माहिती तिकडे गेली, आता इथून हात लावता येत नाही, म्हणाली. पार्सल परत मागवायचा अर्ज असतो, पण त्याचं उत्तर येईपर्यंत ते घरात पोचलेलं असेल. चुकीचं काही गेलंय का, असं तिने विचारलं. "नाही," आंटी म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे."

निरीतनेही करून पाहिलं. तिकडे पार्सल घराजवळच्या एका दुकानात येतं, फोनवर आकडा येतो, तो दाखवला की मिळतं. आईचा फोन काही तिच्या हाती लागेना. आई उशाशी घेऊन झोपते, म्हणाली. दिवसातून दहादा बघते, आलं का, आलं का. इतकं खूश तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. हे सांगताना निरीतला रडू आलं आणि तिचं मराठी संपलं.

आंटींनी बहिणीला खरं सांगायचं ठरवलं. फोन लावला, उचलल्यावर हवापाण्याचं बोलल्या, ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय सांगू? तू मरणार आहेस, हे सांगू की मी कापड आधीच धाडलं, हे?"

इकडे माझ्या फोनवर ओळी पुढे सरकत होत्या. विमान उतरलं. तिकडच्या कस्टमने सोडलं. दुकानात पोचलं. त्या ओळींपुढे आम्हाला काहीच करता येत नव्हतं, नुसतं वाचता येत होतं. मग एका दुपारी शेवटची ओळ आली: वितरित. घेणाऱ्याच्या नावापुढे लीया असं होतं. मदतनीस बाईचा हात धरून त्या स्वतः दुकानात गेल्या होत्या.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. व्हिडिओ नव्हता.

"मिळालं गं," लीयाताई म्हणाल्या.

"उघडलंस?"

"उघडलं. अंगाला लावून बघितलं. माप बरोबर आहे." आवाज शांत होता, जरा दमलेला. "सांगायचं ना एलू. निरीत गप्प, तू गप्प. मी त्या दुकानातल्या बाईला दहा माणसांत सांगितलं, बहिणीने लग्नासाठी शिवलाय म्हणून."

आंटींनी तोंडावर पदर धरला.

"रडू नको. टाका छान आलाय." मग म्हणाल्या, "एक सांग. तुझं कोण शिवणार?"

"बघू," आंटी म्हणाल्या.

"बघू काय? तिथे बघणारं कोण उरलंय?"

दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नव्हतं.