अर्जुना रायरंदाची न मागितलेली माफी

अर्जुना रायरंदाला माफी मागायचं काहीच वाटत नसे. जीभ त्याच्या ताब्यात नव्हती, पण नाक होतं, आणि ते तो कुणाच्याही दारात हां म्हणता घासायचा. सोंग घेऊन दारोदार फिरायचं, घरच्या माणसांची यथेच्छ टिंगल करायची आणि सुपातलं धान्य झोळीत घेऊन पुढचं दार गाठायचं, हा त्याचा वाडवडिलांपासूनचा धंदा. शिराळ्यापासून तासगावपर्यंतची गावं त्याला ओळखत. तो पाटलाच्या ढेरीवर बोलायचा, सासवांच्या जिभेवर बोलायचा. एकदा तर भर बारशात, पोराचं नाक शेजाऱ्यावर गेलंय असं बोलून बसला. तिथं माफी पुरली नाही, पळावं लागलं.

त्याचं ठेवणीतलं सोंग पोलीस जमादाराचं. पण बेचाळीस साल आलं आणि ते सोंग अंगाशी यायला लागलं. खाकी दिसली की गावची पोरं दगड उचलत आणि खरे पोलीस भेटले की नक्कल केली म्हणून तेही बडवत. त्या धामधुमीत दोन्ही बाजूंचा मार खाणारा बहुधा हा एकटाच असावा. शेवटी त्यानं टोपी बदलली, ओठावर जाडजूड मिशी चिकटवली आणि तो पलटणीतला हवालदार झाला. घरोघरचे गडी लढाईवर गेलेले, त्यामुळे हे सोंग भलतंच चाललं. दारात सलाम ठोकून तो ओरडायचा, "ह्या घरचा शिपाई तिकडं दुसरी बायकू करून बसलाय! त्याला सोडवायचा तर जामीन म्हणून सूपभर जोंधळं काढा!" बायका त्याला शिव्या घालत, पदराआड हसत आणि जोंधळेही घालत.

ही थट्टा जरा जास्तच होती, यात वाद नाही. पण त्याच्या बापानं एक नियम घालून दिला होता आणि तो अर्जुनानं कधी मोडला नाही. गावात शिरलं की आधी न्हाव्यापाशी बसायचं आणि सुतक कुणाकडं आहे ते विचारायचं. त्या दारी सोंग न्यायचं नाही.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावात त्यानं असंच विचारलं. न्हावी म्हणाला, "सुतक कुनाकडंच न्हाई. बिनघोर जावा."

न्हावी खोटं बोलला नव्हता. गावातल्या नानासोंचा मुलगा लालासाहेब ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार येऊन वर्ष होत आलं होतं. पण मेल्याची खबर नाही, म्हणून सुतक धरलेलं नव्हतं. त्याची बायको अंजना कपाळभर कुंकू लावून घरात वावरत होती आणि भावकीला ते बघवत नव्हतं. आशा सोड म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणे, "बेपत्ता म्हंजे मेला न्हवं." अखेर येत्या सोमवारी भटजी बोलावून क्रिया उरकायची आणि तिचं कुंकू उतरवायचं असं भावकीनं ठरवलं. नानासोंनी मान खाली घालून होकार दिला होता.

नेमक्या त्याच दारात अर्जुना येऊन उभा राहिला. अंजना सोप्यात मिरच्या कांडत होती. त्यानं सलाम ठोकला. "कुठं हाय ह्या घरचा शिपाई?"

"ब्रह्मदेशात," ती म्हणाली.

"मग बराबर हाय! तितल्याच एका नकटीला बायकू करून बसलाय, घरला कशाला येतोय! काढा जामीन!"

मागून आलेल्या बायांनी पोरांना मागं ओढलं. शेजारची तानुबाई पुटपुटली, "आरं मुडद्या, काय बोललास ह्ये!" अर्जुनानं मागं वळून तोंडं बघितली आणि आपण काय करून बसलो ते त्याला उमगलं. सवयीनं तो गुडघ्यावर आलासुद्धा.

तेवढ्यात अंजना मुसळ घेऊन उठली. आता हिच्या हातून ह्याचं डोकं फुटणार असं सगळ्यांना वाटलं.

"कोन हाय ती सटवी?" ती कडाडली. "मी हितं मिरच्या कांडून हात जाळून घ्यायचं आनि त्येनी तिकडं संसार मांडायचा?" मग ती आत वळली. "मामंजी, ऐकलं न्हवं? सवत केलीया मला. म्हंजे धनी जित्तं हाईत. मग सोमवारी भटजी कशाला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग तानुबाईलाही आवरेना. नानासो लाल होऊन बाहेर आले आणि त्यांनी अर्जुनाची मानगूट धरली. "खोटं बोललो म्हन! घास नाक!"

जन्मभर फुकट वाटलेली ती माफी, आज मात्र अर्जुनाच्या तोंडातून निघेना. 'खोटं' म्हटलं की हिचा सोमवार आलाच, हे त्याला दिसत होतं.

"खोटं कसं म्हनू, सरकार? मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. लय भांडकुदळ बाई. तुमचं लालासाहेब भाकरी भाजत्यात आनि ती बसून खाती!"

नानासोंनी मुस्कटात हाणली. मिशी सुटून त्यांच्याच बोटांना चिकटली. त्यांनी हात झटकला, मिशी सुटेना. दुसऱ्या हातानं ओढली तर त्या हाताला चिकटली. अख्खी गल्ली खदखदून हसली. नानासो हातातल्या मिशीकडं बघत उंबऱ्यावर बसले. "भाकरी? त्येला चूल पेटवाय येत न्हवती," असं म्हणून तेही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "सोमवारचं ऱ्हाऊ द्या."

दुखरा गाल चोळत अर्जुना गावाबाहेर पडला. विहिरीपाशी पाण्याला आलेल्या अंजनानं त्याला हटकलं. आसपास कुणी नव्हतं.

"तुमी ब्रह्मदेश बघितलाय तरी का?"

सोंगाशिवाय अर्जुनाला धड खोटं बोलता येत नसे. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिनं घागर कमरेवर घेतली. "गावात कुनी इचारलं तर मातूर खरं म्हना."