रेकॉर्ड बदलेपर्यंत

श्रुतीअण्णा कोणत्याही गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार होते, लागलेलं आणि न लागलेलं. एखाद्या मोठ्या विदुषीचं गाणं ऐकून ते ‘लागलं’ म्हणायचे, आणि आमटीत मीठ बेताचं पडलं की तेही ‘लागलं’ म्हणायचे. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा शेजारी म्हणून अण्णांनाही बोलावलं होतं. ते त्याच्याशी पाच मिनिटं बोलले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाले, “बेड वैनी, नको. हा लागत नाही.” आईने अर्थातच ऐकलं नाही. बहिणीचा संसार चांगला सुखाचा झाला. अण्णांनी मात्र मत शेवटपर्यंत बदललं नाही.

आमच्या म्हैसूरकडे तंबोऱ्याच्या सुराला श्रुती म्हणतात, आणि अण्णा चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यामागे तंबोरा घेऊन बसले होते, म्हणून ते श्रुतीअण्णा. त्यांचे वडील आणि आजोबा महाराजांच्या घोडदळात. अण्णांनीही तिकडेच जायचं, असं ठरलेलं होतं. पण विसाव्या वर्षी घोड्याने पाडलं, डावा पाय आखूड झाला आणि स्वारी एका वैणिकांच्या, म्हणजे वीणा वाजवणाऱ्या बुवांच्या, घरी तंबोरा छेडायला जाऊन बसली. याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. “बापानं महाराजांचं घोडं राखलं, मी सा राखतो,” ते म्हणायचे. “खरारा दोघांनाही रोज करावा लागतो गं.”

रेडिओवर मला त्यांनीच नेलं. रेडिओ म्हणजे काय, तर एका हौशी गृहस्थांच्या बंगल्यातल्या माडीवरच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना कांबळी ठोकलेली, मधोमध एक मायक्रोफोन, आणि रोज संध्याकाळी दोन तास कार्यक्रम. त्या गृहस्थांना आम्ही साहेब म्हणायचो. अण्णांनी त्यांना सांगितलं, “ही पोरगी कानडी स्वच्छ बोलते, आवाज लागलेला आहे,” आणि मी निवेदिका झाले. घरी आम्ही जे मराठी बोलायचो त्यात निम्मं कानडीच होतं, त्यामुळे परीक्षा काही कठीण नव्हती.

सुरुवातीला सगळं गाणं समोर बसून व्हायचं. गवई टांग्यातून यायचे, कॉफी व्हायची, पान व्हायचं, आणि आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी उशिरा यायचं. मग अण्णा मायक्रोफोनपुढे मांडी घालत आणि गवई जिना चढेपर्यंत नुसता तंबोरा वाजवत. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. लोक कंटाळतील असं साहेबांना वाटायचं. पण गावातल्या कितीतरी घरांत त्या वेळात वीणा काढून अण्णांच्या सुरावर लावून घेत. पानाच्या दुकानात, देवळात लोक अण्णांना थांबवून विचारायचे, “काल थोडंच वाजवलंत?” अण्णा वरून कपाळाला आठी घालत, पण त्या दिवशी तंबोऱ्याच्या तारांखाली घालायला नवा रेशमी दोरा निघे. तो त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, लुगड्याच्या काठातून ओढलेला असे, आणि त्यावरून त्यांच्या घरात जे वाजे ते रेडिओवर ऐकवण्यासारखं नसे.

मग ग्रामोफोन आला. आधी आठवड्यातून एक दिवस, नाटकातल्या पदांसाठी. श्रोत्यांची कार्डं यायला लागली तसे दोन दिवस झाले, आणि सिनेमाची गाणी निघाल्यावर तर बघता बघता समोर बसून गाणारं माणूस फक्त शुक्रवारपुरतं उरलं. साहेबांना दोष देता येत नाही. रेकॉर्ड उशिरा येत नाही, तिला पडसं होत नाही, पहिला मान दुसरीला दिला म्हणून ती रुसून परत जात नाही. प्रश्न होता अण्णांचा. तंबोऱ्याला काही कामच उरलं नव्हतं. साहेबांनी त्यांना बोलावलं तेव्हा अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं असेल. म्हणाले, “रेकॉर्ड बदलायला, पिन घालायला, चावी द्यायला अर्धं मिनिट जातं. तेवढं मला द्या. रेकॉर्ड बदलेपर्यंत मी वाजवतो.” साहेब भला माणूस. त्यांनी हो म्हटलं, आणि ग्रामोफोनची जबाबदारीही अण्णांकडेच दिली. मी निवेदन करत असे, तेवढ्यात ते रेकॉर्ड बदलत. मग पिन टेकवण्याआधी तंबोऱ्याची चार आवर्तनं. त्या अर्ध्या मिनिटासाठी ते दुपारी चारपासून येऊन तारा लावत बसायचे.

इथेच सगळं बिघडलं. तंबोरा एका सुरात लागलेला, आणि रेकॉर्डी पडल्या दहा गावच्या दहा जणींच्या. तंबोरा थांबला आणि गाणं भलत्याच पट्टीत सुरू झालं की अण्णांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा व्हायचा. ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायचा एक लहान काटा असतो. एके दिवशी त्यांचा हात त्या काट्याकडे गेलेला मी पाहिला. त्यांनी तो जरासा फिरवला, कान लावला, पुन्हा फिरवला, आणि गाणारी बाई हळूहळू उतरत येऊन तंबोऱ्याच्या सा वर बसली.

“अण्णा, हे काय?” मी मायक्रोफोन बंद असताना विचारलं.

“सुम्ने, गप बस,” ते म्हणाले. “बैठक एक, तर सा एक. गवई काय दर गाण्याला नवा तंबोरा मागतो?”

त्यानंतर रोज दुपारी ते रेकॉर्डी वाजवून बघत आणि प्रत्येकीच्या पाकिटावर पेन्सिलीने खूण करत, काटा किती फिरवायचा त्याची. एखादी अगदीच दूरची निघाली तर तिला बाजूला ठेवत, शाळेत घ्यायचं वय न झालेल्या मुलासारखी. उरलेल्या सगळ्या एका सुरात. कुणी जरा जड आवाजात संथ गाई, कुणी लगबगीने. आणि खरं सांगते, त्या महिन्याभरात आमचा कार्यक्रम जसा वाजला तसा नंतर कधीच वाजला नाही. दोन तास एकसंध. मला यातलं सगळं माहीत होतं आणि मी कुणाला काही बोलले नाही.

रेकॉर्ड विकणारे एक दुकानदार तक्रार घेऊन आले तेव्हा बिंग फुटलं. गिऱ्हाइकं रेडिओवर गाणं ऐकून रेकॉर्ड नेत आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देत, “ही ती बाई नव्हे” म्हणून. साहेबांनी पाकिटांवरच्या खुणा पाहिल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, “साहेब, मी कुणाला बिघडवलं नाही. सगळ्यांना एकत्र बसवलं.”

“त्या बाईंनी ज्या सुरात गायलं तो त्यांचा आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही कोण बदलणारे?”

चाळीस वर्षं त्यांनी समोरच्याच्या सुराला सूर दिला होता. कुणाला स्वतःच्या सुरावर ओढलं नव्हतं. ते त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुला ठाऊक होतं?” मी नाही म्हटलं. ते ‘नाही’ मला आजही आठवतं.

साहेबांनी अण्णांना काढलं, पण शेवटचा दिवस म्हणून ती संध्याकाळ त्यांना दिली. अण्णांनी काट्याला हात लावला नाही. रेकॉर्ड आपल्या सुरात वाजत असताना ते दाराबाहेर जिन्यात बसून, खुंट्या पिळून, कान तुंब्याला लावून पुढच्या रेकॉर्डच्या सुरात तंबोरा लावत, आणि ती संपायच्या आत लंगडत आत येत. अकरा रेकॉर्डी, अकरा सूर. दोन तारा तुटल्या. शेवटी सदरा घामाने भिजला होता. तंबोऱ्याला गवसणी घालताना म्हणाले, “माणूस समोर असलं की थांबतं गं. आपण लागलो का नाही, ते बघतं. या रेकॉर्डींतली कुणी थांबली नाही.”

मी त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. मला माझं खोटं बोलणं सांगायचं होतं, पण त्यांनीच विषय काढला. “बरं केलंस नाही म्हणालीस ते. दोघंही घरी बसलो असतो तर काकूला दोन पानं जास्त मांडावी लागली असती,” म्हणाले आणि हसले. मी रस्त्यात उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डीही मलाच बदलाव्या लागल्या, आणि ती बदलून माझं निवेदन सुरू होईपर्यंत मधे काहीच वाजेना. पंधरा दिवसांनी कडकोळहून एका शाळामास्तरांचं कार्ड आलं. गावात एकच रेडिओ, पटेलांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, ओट्यावर. सारं गाव तिथे येऊन बसतं. पण हल्ली प्रत्येक गाण्यानंतर स्टेशन बंद पडतं, पटेल यंत्र मिटून ठेवतात आणि लोक उठून घरी जातात. कृपा करून दुरुस्ती करावी.

साहेबांनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. “त्यांना दाखव,” म्हणाले. “येतील का विचार.”

अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं, मग काकूंना हाक मारून मोठ्याने वाचून दाखवलं. “येत नाही म्हणून सांग साहेबांना,” ते मला म्हणाले. “आलो की माझा हात पुन्हा त्या काट्याकडे जाणार. पण या मास्तरांना आधी कळव. बंद पडत नाही म्हणावं. म्हातारा घरी गेलाय, एवढंच.”

कार्डांना उत्तरं लिहिण्याचं काम माझं होतं. रेडिओवर आम्ही गाणाऱ्याचं नाव सांगत असू, वीणेवर कोण, मृदंगावर कोण तेही सांगत असू. तंबोऱ्यावर कोण ते सांगायची पद्धत नव्हती. मीही तीन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी मास्तरांना लिहिलं की स्टेशन चालू आहे, पटेलांनी यंत्र मिटू नये. मधल्या वेळात तंबोरा वाजवणारे श्री. नारायणराव मोहिते आता येत नाहीत.