एक चिंचोका जास्त

मंजुळाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या बसथांब्यावर उभा होतो. चार दिवसांचा ताप... बस आली आणि निघूनही गेली. आता महिना उलटला, तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलो की एकच सकाळ पुढे येते.

आमची पाड्यावरची दोनशिक्षकी शाळा. दर शनिवारी बाई लहान मुलांचा चिंचोक्यांचा वर्ग भरवत. आत येताना प्रत्येकाने पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. मग त्यांचे दशक रचायचे, वाटे करायचे, मुठीत किती ते ओळखायचे. शेजारच्या खोलीत मी मोठ्यांना शुद्धलेखन घालायचो आणि त्या गोंगाटाला मनातल्या मनात नावं ठेवायचो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाचे धक्के वरचेवर बसत होते. त्या शनिवारी भिंतीतून ट्रक जावा तसा आवाज आला. माझी मुलं कुंपणाशी पोचली. बाई दारात उभं राहून आपल्या मुलांना बाहेर ढकलत होत्या. जसू नावाच्या मुलीने, ठरल्याप्रमाणे, मोजणीसाठी डबा आणला. मी चिंचोके मातीत ओतले. दोन दशक, चार सुटे. बाईंची मुलं मोजली, तेवीस. पुन्हा मोजली. तेवीसच.

"बाई, एक कमी!" मी ओरडलो.

कोण, हे त्यांनी विचारलं नाही. वळल्या आणि आत गेल्या. जमीन पुन्हा हलली. दोन कौलं दारातच फुटली. आतून बाकं सरकवल्याचे आवाज येत होते... मी नावं आठवू लागलो, एकही आठवेना. तेवढ्यात जसूने माझा सदरा ओढला.

"गुरुजी, एक चिंचोका बाईंचा हाय. त्याबी टाकतात."

मी हाका मारत दाराकडे धावलो. बाई बाहेर आल्या, केसांत मातीच माती. झाला प्रकार ऐकला आणि म्हणाल्या, "वजा करायला मीच सापडले होय, गुरुजी?" मुलं खिदळली. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "किती ते विचारण्याआधी, कोणाकोणाला धरून ते विचारावं."

शनिवारचा वर्ग आता माझ्याकडे आला आहे. परवा पहिल्यांदाच तो डबा घेऊन बसलो. मुलं एकवीस, माझा एक धरून बावीस. जसूने चिंचोके ओतले, दशक रचले. दोन दशक, तीन सुटे.

"गुरुजी, परत मोजू?"

"नको," मी म्हणालो. "बरोबर आहे..."