छिद्रं लहान होती

मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी सिन्नरला कारखान्यात होतो. "भाऊजी, ह्यांना मशीनवर घेतलंय," एवढंच त्या म्हणाल्या. मी नाशिकला पोहोचेपर्यंत दिगू गेला होता. दिगंबर, पंचवटीतल्या शाळेपासूनचा माझा मित्र, पेशाने भिक्षुक. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि ते खरंच आहे... पण मला जे लिहायचंय ते कुणी बोलत नाही, कारण ते फक्त मलाच माहीत आहे.

पितृपक्षात दिगूला उसंत नसायची. श्राद्धाला पितराच्या जागी बसून तो गेलेल्या माणसाच्या नावाने वाढलेलं पान जेवायचा, आणि यजमानाने शेवटी विचारलं की तृप्त झालो म्हणायचा. पानात काही टाकायचं नाही हा त्याचा नेम. टाकलं तर तो माणूस अर्धपोटी परत जातो, असं तो मनापासून मानायचा. म्हणूनच घास अडकायला लागला तेव्हा त्याने कुणाला कळू दिलं नाही. उडदाचा वडा पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायचा. आमच्याच घरी एकदा मी ते पाहिलं आणि म्हणालो, सावकाश रे, पितरांना घाई नाहीये. तो हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, ठसका लागला असेल.

तपासणीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. आधी केमो आणि रेडिएशन झालं, मग ऑपरेशन ठरलं. सर्जननी चित्र काढून समजावलं. छातीवर आणि पोटावर लहान छिद्रं पाडायची, दुर्बिणीतून बघत अन्ननलिका सोडवून काढायची, जठराची नळी करून ती छातीतून वर मानेपर्यंत नेऊन जोडायची. छाती उघडावी लागत नाही, त्यामुळे वेदना कमी, फुप्फुसांना त्रास कमी, माणूस लवकर उठून बसतो. माझं पित्ताशय असंच दुर्बिणीतून काढलेलं. मी दिगूला धीर द्यायला म्हणालो, म्हणजे माझ्यासारखंच की. सर्जननी पेन खाली ठेवलं.

"छिद्रं लहान आहेत," ते म्हणाले. "ऑपरेशन लहान नाही."

ऑपरेशन उत्तम झालं. काही आठवडे आतड्यात बसवलेल्या नळीतून अन्न दिलं, मग हळूहळू तोंडाने सुरू झालं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा खायचं आणि जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, हे सर्जननी बजावून सांगितलं होतं. अन्न उलटं वर येऊ न देणारी झडप आता उरली नव्हती. घरी आल्यावर दिगूने सदरा वर करून दाखवला. काटा रुतून गेल्यासारख्या चार-पाच खुणा, बास. "लोक म्हणायचे दिगूचा जीव पोटात," तो म्हणाला. "आता पोटच जिवाशी नेऊन ठेवलंय." आम्ही खूप हसलो. मला तो बरा झालेला दिसला. छातीवर भलामोठा वण असता तर पुढचं मी केलं नसतं.

पुढच्या पितृपक्षात बाबांच्या तिथीला ब्राह्मण मिळेना. मी दिगूला फोन केला. वाटीभरच चालतं रे, तो म्हणाला. मी म्हणालो, नावाला बस. पण बायकोने पान नेहमीसारखंच वाढलं, आणि आग्रह करणं हे यजमानाचं काम, तेही मी केलं. दिगू बराच वेळ पानाकडे बघत होता. मग एकेक घास घेत गेला. खीर, वडे, भात... त्याच्या कपाळावर घाम आला. राहू दे, असं मी एकदाच म्हणालो, तेही हळू. "तुझे बाबा अर्धपोटी जातील," तो म्हणाला, आणि पान स्वच्छ केलं. उठल्यावर त्याला गरगरत होतं. आमच्याकडे जेवल्यावर तो नेहमी पडायचा. मी सवयीने सतरंजी घातली आणि म्हणालो, पड जरा. त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि आडवा झाला. खोकतच उठला. संध्याकाळी फोनवरही तोच खोकला. ताप चढला, मग न्यूमोनिया. अन्न श्वासनलिकेत गेलं असावं, सर्जन म्हणाले. एका जेवणावर बोट ठेवता येत नाही, असंही म्हणाले.

परवा वहिनींकडे गेलो होतो. खोलीत दिगूची खाट तशीच आहे, उशाकडच्या पायांखाली विटा लावलेली. वहिनींनी विटा काढलेल्या नाहीत. मी टेकलो तर पायथ्याकडे घसरायला झालं. वहिनी म्हणाल्या, घरात एक दिवस मी त्यांना सपाट झोपू दिलं नाही. मग थांबून विचारलं, "तुमच्याकडे जेवल्यावर बसूनच होते ना?"

मी म्हणालो, "हो, बसूनच होता."

वहिनी रविवारची पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून हे तिथेच छापायला देतोय. वहिनी, तो बसला नव्हता. सतरंजी मी घातली होती.