गॅस वाढला, लाकूड कमी होईना

माझं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे मला घाम फुटतो. शिरूरला आमच्या शेजारणी विचारतात, "तुम्ही त्या लॅपटॉपवर दिवसभर एवढं काय करता?" मी म्हणते, सरकारी हिशेबाचं काम. त्या मान डोलावतात. मी कुणाकुणाचं जीएसटी भरते अशी त्यांची समजूत आहे आणि मी ती मोडलेली नाही.

खरं काम असं आहे. देशात कोळसा, डिझेल, गॅस, वीज, लाकूड किती जळलं याचा एक तक्ता असतो. देशात कुणी कोणता धंदा केला आणि किती उत्पादन काढलं याचा दुसरा असतो. पहिला विचारतो, काय जळलं आणि कुठं? दुसरा विचारतो, कुणी जाळलं आणि त्यातून काय निघालं? दोन्ही एकाच देशाचे, पण तोंडं दोन दिशांना. हायवेच्या पंपावर विकलेलं डिझेल पहिला तक्ता सरसकट 'वाहतूक' म्हणून मांडतो. आता घोडनदीच्या पुलाअलीकडं कुठल्याही पंपावर जाऊन बघा, ट्रकांच्या मधोमध ट्रॅक्टरसाठी कॅन घेऊन माणसं उभी असतात. ते कॅनमधलं डिझेल रस्त्यावरून उचलून शेतीच्या रकान्यात नेऊन ठेवायचं, ही माझी नोकरी.

दोन्ही तक्ते जुळवून झाले की तळाशी एक ओळ उरते, 'फरक'. जे कुठंच बसत नाही ते तिथं ढकलतात. मला ती ओळ बघवत नाही. मला उघडं राहिलेलं कपाटाचं दारही बघवत नाही. नवरा म्हणतो, तुला जेवताना सुद्धा स्वस्थ बसता येत नाही, समोरच्याच्या ताटातली चटणी तू सरळ करतेस. खोटं नाही ते.

गेल्या वर्षी आम्ही अडलो स्वयंपाकाच्या गॅसपाशी. घरगुती सिलेंडरांची विक्री वर गेलेली. मग घरांमधलं लाकूड खाली यायला हवं, तर ते जागचं हलायला तयार नाही. तिसरी गंमत म्हणजे, रस्त्याकडेच्या छोट्या हॉटेलांचा धंदा दुसऱ्या तक्त्यात चांगलाच वाढलेला, पण पहिल्या तक्त्यात त्यांच्या नावावर गॅस जवळजवळ नाहीच. पुण्यातल्या बैठकीत मी म्हणाले, "आपल्याकडं मिसळ उन्हावर शिजत असणार." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "हॉटेलांचं नंतर बघू. आधी लाकूड खाली आणा. कुठलीही बाई एकच स्वयंपाक दोनदा करत नाही."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी वर पुष्टी जोडली. "माझ्या आईचंच उदाहरण घ्या. पाटसच्या पलीकडं राहते. घरात गॅस आहे आणि नेमानं सिलेंडर लागतो. मला पक्कं माहीत आहे, कारण त्याचा कोड माझ्या मोबाईलवर येतो."

ते खरंच होतं. कनेक्शन आईच्या नावानं मीच काढून दिलं होतं आणि नंबर माझा टाकला होता. सिलेंडरची गाडी दारात आली की तिच्याजवळ राहणारा माझा धाकटा भाऊ फोन करायचा, "ताई, कोड सांग." मी असेन तिथं काम थांबवून सांगायचे. आई आता धुरात बसत नाही, या विचारानं मला बरं वाटायचं. मी तक्त्यातलं लाकूड खाली आणलं. तळाची ओळ लगेच आक्रसली आणि साहेब खूश झाले.

त्याच सुमाराला आईचं फोनवरचं बोलणं तुकड्यातुकड्यानं यायला लागलं. दोन शब्द, मग खोकला, मग पुढचे दोन शब्द. विचारलं की म्हणायची, "रस्त्याची... धूळ असंल." मला राहवेना. मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून पाटसला गेले. आई फाट्यावरच पिशवी घेऊन उभी. "घरी कशाला... येतीस? हितनंच दौंडला जाऊ." मला तेव्हा तिच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं.

दौंडच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावली आणि विचारलं, "मावशी, चुलीवर करता का?"

"न्हाई. गॅस हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी ठासून सांगितलं, "केव्हाच आणलाय. सिलेंडर नेमानं लागतो."

"मग धूर कुठून येतोय ते शोधा," ते म्हणाले. "ही धुरानं गेलेली छाती आहे. आराम दिला तर अजून सावरेल. पण असंच चाललं तर औषधाचा पंप ओढून भागणार नाही, घरात ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल."

येताना आई मला परत फाट्यावरच सोड म्हणत होती. मी ऐकलं नाही, घरी गेले. ओट्यावर शेगडी लखलखत होती, वर विणलेलं झाकण, झाकणावर ताटं. ओट्याखाली नुसती रबरी नळी लोंबत होती. मागच्या पडवीत चूल अजून गरम होती. शेजारी तुरकाट्यांचा भारा आणि बाभळीचं सरपण, आणि वरचे पत्रे काळे कुळकुळीत.

"सिलेंडर कुठाय?"

"संपला."

"आई, आत्ता तर मी कोड दिला."

ती खाली बसली. दम घेतला. "तुझ्या भावाच्या हाटेलात हाय. त्येला धंद्याचा सिलेंडर... परवडत न्हाई. म्याच म्हणले, ने. मला काय, चुलीची सवय."

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आई दिसलीच नाही. डोळ्यांपुढं तीन आकडे आले. घरगुती गॅस वाढला, बरोबर. लाकूड हललं नाही, तेही बरोबर. हॉटेलात गॅस नाही, कारण तो घराच्या नावानं तिथं जळतोय. जे कोडं आम्ही एसी लावून सोडवत होतो ते या पडवीत मांडलेलं होतं. मला चक्क आनंद झाला. मग आई खोकली आणि माझा मलाच संताप आला, आणि तो मी निघाले भावावर काढायला.

भावाचं हॉटेल म्हणजे हायवेच्या कडेला पत्र्याची शेड. उसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर नाष्ट्याला बसलेले. भाऊ कढईत वडे सोडत होता. मी गिऱ्हाइकांदेखत सुरू झाले, "आईची छाती गेली, कळतंय का तुला? तिचा गॅस इथं जाळतोस?"

"मला काय म्हाईत? ती म्हणली, लागत न्हाई. बायको कामाला जाती तवा सैपाक तीच करती, तिनं सांगितलं ते खरं मानलं." मग झारा आपटून म्हणाला, "आन् ताई, कोड तर दर खेपेला तूच देतीस की."

त्यानं कढईखालचा गॅस बंद केला, वडे तसेच कच्चे राहिले. सिलेंडर सोडवला, मोटारसायकलवर आडवा बांधला आणि घराकडं निघाला. मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "भैया, चाय तो पिला के जाते."

शिरूरला आल्यावर मी तक्त्यात लाकूड होतं तिथं परत नेलं आणि घरगुती गॅसमधला काही वाटा हॉटेलांकडं वळवला. साहेबांचा फोन आला. "एका घरावरून?"

"मग शंभर घरं बघू द्या. पण बघितल्याशिवाय लाकूड कापायचं नाही."

त्यांनी कुरकुरत पाहणी मान्य केली. त्यासाठीचे नियम वाचताना परत एक गोष्ट समोर आली, जी मला आधीही ठाऊक होती पण टोचली नव्हती. बांधावरनं सरपण गोळा करणं हे देशाच्या उत्पादनात धरतात. आईनं डोक्यावरनं आणलेल्या भाऱ्याची किंमत लावायला रकाना आहे. तिच्या खोकल्याला कुठंच रकाना नाही. मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीत येरझाऱ्या घातल्या. असा राग मला त्या तक्त्यांचा कधी आला नव्हता.

मला वाटलं होतं, निदान घरात गॅस परत गेला. पण भावजयीचा कुरकुंभहून, कंपनीतल्या सुट्टीत फोन आला. "ताई, हाटेल बंद हाय. ह्ये घरी बसून हायत. आन् आत्या गॅस पेटवतच न्हाईत. म्हणत्यात, पोराच्या हातचं काम काढून आणलेल्या गॅसवर मी चहा बी करायची न्हाई. दोन्ही येळंला चूल. खोकला वाढलाय."

म्हणजे मी काय केलं? भावाचा धंदा बसवला आणि आईचा धूर तसाच ठेवला. इतकी वर्षं या रकान्यातलं त्या रकान्यात ढकलून माझी सवयच झालीय, की वस्तू योग्य जागी ठेवली म्हणजे काम झालं. पुढचे काही आठवडे कागद जमवण्यात गेले. धंद्याच्या सिलेंडरचा अर्ज आणला, भावाची सगळी माहिती भरली, सुरुवातीचा खर्च मी करीन असं ठरवलं आणि कुणाला न कळवता पाटस गाठलं.

भर दुपारी घराला कुलूप होतं. मागं जाऊन पाहिलं तर चूल थंड, राखही काढून टाकलेली. आई घरात असताना ती चूल कधी थंड पाहिली नव्हती. तिला दवाखान्यात नेलं असणार, मला सांगितलं नसणार. शेजारची म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "कुलूप व्हय? आता रोजच असतं. हाटेलात हाय की तुझी आई."

मी अक्षरशः पळत गेले. शेडमध्ये शेगडीपुढं, डोक्याला रुमाल बांधून, आई भाकरी थापत होती. ओळीनं माणसं बसलेली. भाऊ रस्सा वाढत होता, त्यानं मला पाहून नजर चुकवली. शेगडीला तोच घरगुती सिलेंडर. घराची भाकरी आता हॉटेलात, हॉटेलचा गॅस घराच्या नावावर, आणि करणारी बिनपगारी. एवढ्या वयात तिला उभं केलेलं बघून माझं डोकं फिरलं.

"आई, हे काय चाललंय? तुला आराम सांगितलाय ना?"

आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं वळली.

"तू मला आराम शिकवू नगं, आधी पोराचं हाटेल बंद केलंस, मग मी घरी बसून काय भिताडाकडं बघू, आन् हितं धूर न्हाई, चार माणसं बोलत्यात, पोरगं डोळ्याम्होरं हाय, संध्याकाळच्या भाकरी हितनंच करून सून घरला नेती, आन् मला हितं कुणी उभं केलं न्हाई, माझी मीच गाडीवर बसून आले, तवा आता मधी उभी राहू नगं, माणसं खोळंबल्यात, जा तिकडं बाकड्यावर बस!"

ती परत तव्याकडं वळली. मी पिशवीतला अर्ज काढणार होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं बोलताना ती मध्ये एकदाही खोकायला किंवा दम घ्यायला थांबली नव्हती. मी बाकड्यावर जाऊन बसले आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर हमसून हमसून रडले.